पाण्याकाठच्या विस्तारशिक्षणाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मच्छीमार आणि पाण्याकाठच्या कुटुंबांपर्यंत शास्त्रीय माहिती सतत पोचवत राहणारी यंत्रणा उभी करायची, तिला पैसा मिळवायचा आणि ती टिकवायची, यावर या वेळी बरीच पत्रे आली. काही उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांतून आली, काही सोलापूर शहरातल्या संस्था आणि महाविद्यालयांतून. समुद्र आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटर दूर असला, तरी कोकणातल्या आणि उजनीकाठच्या अडचणी बऱ्याच सारख्या आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या उजनीकाठच्या १२ गावांत काम सुरू करायचे आहे. देणगीदार म्हणतात, वर्षाला किती शिबिरे घेणार ते सांगा, तेवढे पैसे देतो. आम्ही २४ शिबिरांचे २ लाख १६ हजारांचे अंदाजपत्रक केले आहे. यात काही राहिले आहे का? (एका संस्थेचे कार्यकर्ते, कंदर)

माणूस राहिला आहे. शिबिराचा हिशेब तुम्ही नीट मांडला आहे. ३० जणांचे चहा-जेवण माणशी १२० रुपयांनी ३,६००, तज्ज्ञाचे मानधन आणि प्रवास २,५००, जागा व ध्वनिक्षेपक १,०००, छापील माहिती ९००, प्रात्यक्षिकाचे साहित्य १,०००, असे एका शिबिराचे ९,००० होतात. पण यातून फक्त शिबिरे होतील. वडाप (बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, ओढजाळे) ओढले की बोटुकलीही (बोटाएवढी माशांची पिल्लेही) निघते आणि पुढच्या वर्षीचा मासा आजच संपतो, हे शिबिरात सगळ्यांना पटते. पंधरा दिवसांनी भाव पडतो किंवा घरात आजारपण येते आणि तेच जाळे पुन्हा पाण्यात जाते. त्या दिवशी काठावर येऊन बसणारा, मोठ्या आसाचे जाळे कुठे मिळेल, त्याला सोसायटीकडून उचल मिळेल का, हे सांगणारा कुणी असला तरच शिबिरातले बोलणे कामाला येते.

म्हणून आधी दिवस मोजा, रुपये नंतर. एका क्षेत्र कार्यकर्त्याचे महिन्याला २४ कामाचे दिवस धरा. एका गावात महिन्यातून चार वेळा गेल्याशिवाय ओळख टिकत नाही. चार गावांचे १६ दिवस झाले. अहवाल आणि नोंदींना ३, बैठकांना २, मच्छीमारांबरोबर बँकेत किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जायला ३. महिना भरला. म्हणजे एका माणसाला चार गावे आणि १२ गावांना तीन माणसे. एकालाच १२ गावे दिली तर तो प्रत्येक गावात महिन्यातून जेमतेम एकदा पोचतो आणि त्याचे काम सह्या गोळा करण्यावर येते.

आता रुपये. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्याकडच्या पगाराप्रमाणे बदला. तीन कार्यकर्त्यांचे महिना १८,००० प्रमाणे वर्षाचे ६,४८,०००. समन्वयकाचे महिना ३०,००० प्रमाणे ३,६०,०००. दुचाकीचा प्रवास माणशी महिना १,२०० किलोमीटर, किलोमीटरला ४ रुपये, तिघांचा वर्षाचा १,७२,८००. शिबिरे २,१६,०००. पाणी तपासणीचे किट आणि रसायने ४५,०००. छपाई आणि ध्वनिफिती ५०,०००. हिशेबनीस व लेखापरीक्षण ९६,०००. खोलीचे भाडे, वीज, फोन ७२,०००. बेरीज १६,५९,८००. त्यावर ५ टक्के अकल्पित खर्चाला धरले की १७ लाख ४३ हजारांच्या आसपास जाते. गावागणिक ६० कुटुंबे धरली तर ७२० कुटुंबांमागे वर्षाला साधारण २,४२० रुपये पडतात. देणगीदारापुढे एकूण रकमेबरोबर हा कुटुंबामागचा आकडाही ठेवा. १७ लाख ऐकून दचकणारा माणूस २,४२० ऐकून थांबतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

कात्री नेहमी पगार आणि प्रवासावर चालते, कारण त्या ओळी 'प्रशासकीय' वाटतात. त्यांचे नावच बदला. क्षेत्र कार्यकर्त्याचा पगार हा तुमच्या कामाचा कच्चा माल आहे, तो 'कार्यक्रम खर्च' याच शीर्षाखाली दाखवा. फक्त समन्वयकाचा काही भाग, हिशेब आणि खोली एवढेच प्रशासनात जाऊ द्या.

एवढे करूनही पैसे कमी पडलेच, तर गावे कमी करा, माणसांवरचा बोजा वाढवू नका. आठ गावे, दोन कार्यकर्ते, १६ शिबिरे असे केले की खर्च १३ लाख ८० हजारांपर्यंत उतरतो. उरलेल्या चार गावांना दुसऱ्या वर्षी येतो असे खरे सांगून टाका.

प्रश्न : अनुदान मंजूर होते, पण पैसे हातात पडेपर्यंत दिवाळी उलटते. मग मार्चअखेर घाईघाईने शिबिरे उरकावी लागतात आणि लोक येत नाहीत. यावर काही उपाय? (माढा)

हे दुखणे सगळ्या किनाऱ्याचे आहे. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च चालते आणि मच्छीमाराचे वर्ष पाण्यावर चालते. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या शाकारलेल्या, माणसे घरी, जाळी दुरुस्तीला अंगणात पसरलेली. शिकवायला याहून चांगले ६१ दिवस वर्षात मिळत नाहीत. पण नेमक्या तेव्हा नव्या वर्षाचा पहिला हप्ता आलेला नसतो. पैसे येतात तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेलेल्या असतात.

उजनीचे गणित थोडे वेगळे आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेले की काठ मैलभर आत सरकतो, मच्छीमार पालांसकट पाण्यामागे जातात. एप्रिल-मेमध्ये गावात शिबिर ठेवलेत तर समोर ज्यांना जाळे धरायचे नाही तीच मंडळी बसतील. त्या दिवसांत तुम्हीच पाण्याजवळ जा, चार-पाच जणांच्या गटात बोला. बीज सोडण्याचा हंगाम पाऊस लागल्यावर सुरू होतो, म्हणून बोटुकलीची निवड, वाहतूक आणि सोडण्याची पद्धत हा विषय जूनअखेर झालाच पाहिजे. सप्टेंबरमध्ये तो शिकवून उपयोग नाही. आषाढी वारीचा आठवडा सोडा. जानेवारीत सोलापूरकडच्या गावांत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडा. ज्या गावांतली तरुण मंडळी ऊसतोड-वाहतुकीत असतात तिथे गाळप हंगामात शिबिर संध्याकाळी सातनंतरच ठेवा.

पैशाची बाजू अशी सांभाळा. वरच्या नमुन्यात पगार आणि प्रवासाचे महिन्याला ९८,४०० रुपये लागतात. चार महिन्यांचे ३,९३,६०० होतात. एवढी रक्कम 'चालू राखीव' म्हणून वेगळ्या खात्यात असल्याशिवाय सरकारी अनुदानावर माणसे नेमू नका. ती एकदम उभी राहत नाही. खासगी देणगीदाराला पहिल्या वर्षी नेमकी याच कामासाठी मागा. हप्ता आला की ती भरून काढायची आणि पुढच्या एप्रिलसाठी तशीच ठेवायची.

दुसरे, हप्ता अडतो तो बहुतेक वेळा कागदावर. आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्चल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढची रक्कम निघत नाही. केंद्राच्या अनुदानाला हे प्रमाणपत्र २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नमुना १२-ए मध्ये द्यावे लागते. लेखापरीक्षण संपण्याची वाट न पाहता महिन्याच्या महिन्याला खर्च त्याच शीर्षांखाली लिहीत गेलात, तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते तयार होते. आणखी एक चूक वारंवार होते. केंद्रीय अनुदान बँकेत पडून राहिले तर त्यावरचे व्याज संस्थेचे नसते, ते परत करावे लागते. संस्था ते खर्चून बसतात, मग आक्षेप निघतो आणि हप्ता थांबतो.

प्रश्न : कोकणात गावोगावी 'सागर मित्र' आहेत असे ऐकले. उजनीकाठी तसे मिळतील का? (केत्तूर)

नाही. सागर मित्र हे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतले पद आहे आणि ते फक्त समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांसाठी आहे. महिना १५,००० रुपये मोबदल्यावर स्थानिक तरुण नेमायचा, त्याने सरकार आणि मच्छीमार यांच्यात दुवा व्हायचे, रोजची आवक, हवामान, भाव यांची माहिती ठेवायची, अशी ती कल्पना. कल्पना आम्हाला मनापासून पटते, कारण तिथे पैसा वस्तूवर न जाता माणसावर जातो. पण मोबदला योजनेच्या मुदतीला बांधलेला आहे. ही योजना २०२०-२१ पासून पाच वर्षांची होती, पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. कोणत्याही योजनेत अर्ज करण्याआधी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातून चालू मार्गदर्शक सूचना हातात घ्या, जुन्या पत्रकावर विसंबू नका.

गोड्या पाण्यासाठी याच योजनेत मत्स्य सेवा केंद्र आहे. माती-पाणी तपासणी, रोगनिदान, सल्ला एका छताखाली. प्रकल्प किंमत २५ लाख धरली जाते. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. म्हणजे स्वतःचे १५ लाख किंवा १० लाख लागतात. इमारत आणि उपकरणे उभी राहतात, पण चालवणाऱ्याचा पगार तपासणीच्या शुल्कातून निघेल असे गृहीत धरू नका. दिवसाला दहा नमुने, नमुन्याला ५० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तरी हातात १२,५०० येतात आणि रसायनांचा खर्च त्यातूनच जातो.

दुसरी वाट 'आत्मा'ची, म्हणजे जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेची. तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात आणि जिल्हा पातळीवरच्या आवर्ती खर्चातला किमान १० टक्के भाग बिगरसरकारी संस्था, गट, सहकारी संस्था यांच्यामार्फत करावा असे तिच्या सूचनांत आहे. मत्स्यपालन हा जोडविषय म्हणून त्यात बसतो, पण तालुक्याच्या वार्षिक आराखड्यात तो आधी लिहिला गेला पाहिजे. आराखडा झाल्यावर गेलात तर वर्ष गेले.

तिसरे, कृषी विज्ञान केंद्र. जिल्ह्यात खेड आणि मोहोळ अशी दोन आहेत. एका केंद्रात १६ मंजूर पदे असतात, त्यांत ६ विषय विशेषज्ञ, आणि मत्स्यशास्त्राचा विशेषज्ञ प्रत्येक ठिकाणी नसतो. म्हणून तक्रार करण्यापेक्षा केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या बैठकीआधी एका पानाचे लेखी निवेदन द्या : कोणती गावे, किती कुटुंबे, कोणता एक प्रश्न. वार्षिक कृती आराखड्यात एक ओळ आली तरी वर्षभर तज्ज्ञाला बोलावण्याचा हक्क मिळतो.

प्रश्न : आमच्याभोवती एवढे साखर कारखाने आहेत. त्यांच्याकडून सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) का मागू नये? (टेंभुर्णी)

मागा, पण आधी कारखाना सहकारी आहे की कंपनी आहे ते पाहा. सीएसआरचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ चे आहे. सहकार कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्याला ते लागूच होत नाही. तो मदत करू शकतो, पण स्वतःच्या निधीतून आणि सभासदांच्या मान्यतेने, सीएसआर म्हणून नाही. खासगी कारखाना कंपनी असेल, तर मागच्या आर्थिक वर्षी निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडली आहे का ते बघा. ओलांडली असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम त्याला खर्च करावीच लागते. उजनीचेच पाणी वापरणारा सोलापूरजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प हाही कंपनीचाच आहे. कायद्यात कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. ज्यांचा धंदा या पाण्यावर चालतो त्यांच्यापुढे पाण्याकाठच्या लोकांचे काम ठेवायला संकोच कशाला?

तुमच्या बाजूने आयकर खात्याकडची १२-ए (संस्थेला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ अर्जातून मिळणारा क्रमांक लागतो. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, पगार काढा," असे कंपनीचा अधिकारी सांगतो आणि संस्था मुकाट्याने पगार काढते. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा पगार हा प्रकल्पाचा खर्च असतो. नम्रपणे पण ठामपणे सांगा, आणि कंपनी कामकाज मंत्रालयाचा २०२१ चा खुलासा बरोबर न्या.

शक्यतो 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी मागा. तसे झाले तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे काम चालू ठेवता येते आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात राखता येते. एका वर्षाच्या मंजुरीत कार्यकर्ता गावाला ओळखू लागतो तेव्हाच त्याचा करार संपतो.

प्रश्न : करमाळा, इंदापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या तीन संस्था मिळून एक साखळी करायची आहे. एका परदेशी निधीसंस्थेने रस दाखवला आहे. पैसे एका संस्थेकडे घेऊन बाकीच्यांना वाटले तर चालेल का?

परदेशी पैसा असेल तर चालणार नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय योगदान एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई आहे, मग दुसऱ्या संस्थेची परकीय योगदान कायद्याखाली स्वतःची नोंदणी असली तरीही. पैसा आधी नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे दोनच मार्ग उरतात : निधीसंस्थेने तिघांना स्वतंत्र अनुदान द्यावे, किंवा मुख्य संस्थेने कार्यकर्ते स्वतःच्या हजेरीपटावर नेमून खर्च स्वतः करावा आणि बाकी दोघांनी गावओळख, जागा, स्वयंसेवक द्यावेत. दुसऱ्या मार्गात बाकी दोघांना कमीपणा वाटतो आणि वर्षभरात कुरबूर सुरू होते. ती टाळायची तर सामंजस्य करारात तीन गोष्टी आधीच लिहा : कार्यकर्त्याची निवड कोण करणार, गावातल्या नोंदींवर हक्क कुणाचा, आणि एखादी संस्था बाहेर पडली तर तिच्या गावांचे काय. देशातल्या पैशाला ही मनाई नाही, तिथे वाटणी करता येते, पण ती करारात आणि देणाऱ्याच्या लेखी संमतीने.

तुमच्या साखळीची खरी कसोटी वेगळीच आहे. जलाशय एक, पण सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर असे तीन जिल्हे. तीन जिल्हा नियोजन समित्या, तीन मत्स्यव्यवसाय कार्यालये. कुगावच्या आणि कळाशीच्या मच्छीमारात फक्त पाणी आहे, कागदावर मात्र दोन जिल्हे आहेत. एका जिल्ह्याचा निधी पलीकडच्या काठावर खर्च करता येत नाही. म्हणून अंदाजपत्रकाचे चार भाग करा : तीन जिल्ह्यांचे तीन आणि सामाईक एक. सामाईक भागाला, म्हणजे समन्वयक, प्रशिक्षण साहित्य, पाण्याच्या नोंदी यांना, खासगी पैसा लावा, आणि जिल्ह्याच्या निधीतून तिथल्या तिथे होणारी कामे करा.

सामाईक भागात सुरक्षिततेला जागा ठेवा. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. जीवरक्षक जाकिटे नुसती वाटून भागत नाही. ती होडीत उशाखाली जातात. अंगात घालून पाण्यात उतरण्याचा सराव वर्षातून दोनदा घ्या आणि विजांच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप प्रत्येक होडीवाल्याच्या फोनमध्ये कार्यकर्त्याने समोर बसून चालू करून द्या.

प्रश्न : अमेरिकेत 'सी ग्रँट' नावाची किनारी विस्तारयंत्रणा अनेक दशके टिकली. आपल्याकडे तसे का होत नाही? कायम निधी उभारला तर? (प्राध्यापक, सोलापूर)

सी ग्रँटचा कायदा १९६६ चा. आज तिथे ३४ कार्यक्रम आहेत, बहुतेक विद्यापीठांना जोडलेले. संशोधन, शिक्षण आणि विस्तार तिन्ही एका छत्राखाली. त्यातली शिकण्यासारखी अट अशी की केंद्राच्या दोन डॉलरमागे एक डॉलर स्थानिकांनी उभा करायचा. राज्याचे, विद्यापीठाचे स्वतःचे पैसे गुंतल्यामुळे कार्यक्रम त्यांना आपला वाटतो. तरीही केंद्राची रक्कम दरवर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते आणि तो बंद करण्याचा प्रस्ताव तिथेही आलेला आहे. कायम निश्चिंती कुठेच नाही.

हाच हिशेब वरच्या १७ लाख ४३ हजारांना लावला तर स्थानिक वाटा ५ लाख ८१ हजारांचा येतो. सोसायट्यांची वर्गणी, बाजारातल्या अडत्यांची देणगी, ग्रामपंचायतीची खोली आणि वीज, महाविद्यालयाची प्रयोगशाळा हे सगळे रुपयांत मांडा. एक सावधगिरी : पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतूनही पगार देता येत नव्हता, म्हणून ग्रामपंचायतीकडे वस्तू आणि जागा मागा, मानधन नको.

कायम निधीचे म्हणाल तर साडेसहा टक्के व्याजावर एवढा खर्च भागवायला २ कोटी ६८ लाख लागतील, आणि महागाईला काहीच उरणार नाही. एवढे उभे करता येत नसेल तर लक्ष्य लहान ठेवा : फक्त समन्वयकाचा पगार कायम निधीतून, म्हणजे साधारण ५५ लाख. सगळे प्रकल्प बंद पडले तरी नोंदी, ओळखी आणि पुढचे अर्ज लिहिणारा हात टिकतो. देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असे लेखी घ्यायला विसरू नका. ते नसेल तर ती रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यासह उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च दाखवावा लागतो.

प्रश्न : प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विस्तारकाम पाहायला रत्नागिरीला न्यायचे आहे. कधी न्यावे? (सोलापूर)

उतरवलेला मासा, लिलाव, नौका पाहायच्या असतील तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मच्छीमारांशी निवांत बोलायचे असेल तर जूनचा शेवटचा आठवडा. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र यांना महिनाभर आधी पत्र द्या. खडकाळ किनारा पाहायचा दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास धरा, कारण उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या भांगेला (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा) फारसे काही उघडे पडत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, हा कोकणातला जुना हिशेब बेत आखायला पुरतो. मुलांना पाण्यात उतरवताना मात्र छापील भरती-ओहोटी कोष्टकच पाहा.

प्रश्न : आमच्या कार्यकर्त्याला पाणी तपासणीचे किट दिले आहे. त्याच्या वहीत विरघळलेला प्राणवायू नेहमी लिटरला ७-८ मिलिग्रॅम येतो, तरी ढगाळ हवेत शेततळ्यातले मासे मरतात. किट खराब आहे का? (मोहोळ)

वहीतली वेळ पाहा. बहुधा ११ ते ३ च्या मधली असेल. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते, म्हणून दुपारचा आकडा चांगलाच येणार. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू वापरते. सर्वांत कमी आकडा सूर्योदयाच्या थोडा आधी असतो आणि मासे तेव्हाच मरतात. दोन-तीन दिवस ढग राहिले की दिवसाची भर पडत नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. नमुना पहाटे साडेपाचला घ्यायला सांगा.

घ्यायची पद्धतही एकदा समोर बसून पाहा. बाटली तिरपी धरून पाण्याखाली हळू भरायची, बूच पाण्यातच लावायचे. आत मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. नमुना काठावर नाही, तळ्याच्या मध्याकडे, हातभर खोल घ्यायचा. पहिली दोन रसायने घातल्यावर तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाही. हे पुढचे थेंब मोजण्याआधीच कळते आणि निरक्षर मच्छीमारालाही दाखवता येते. स्टार्चचे द्रावण उन्हाळ्यात लवकर खराब होते. निळा रंग नीट उठत नसेल तर आधी तेच बदला.

लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर काळजी नाही. ३ च्या खाली गेले की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. त्या पहाटे खाद्य पूर्ण बंद, पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडायचे, जमल्यास विहिरीचे ताजे पाणी सोडायचे. चुना त्या घटकेला उपयोगी पडत नाही. आणि कार्यकर्त्याच्या वहीत 'आकडा' या रकान्याच्या आधी 'वेळ' आणि 'आभाळ' असे दोन रकाने आखून द्या. पहाटेच्या फेरीसाठी त्याच्या प्रवासखर्चात महिन्याला चार जादा फेऱ्याही धरा, नाहीतर तो पुन्हा दुपारीच जाईल.